विश्लेषण : घटस्फोटानंतर अमेरिकेत मुलाची करसवलत आईला की वडिलांना? न्यायालयाच्या आदेशापेक्षा ‘रात्री’ महत्त्वाच्या का?

फेब्रुवारी उजाडला की अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये टॅक्स रिटर्नची लगबग सुरू होते. समजा, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणारा एक सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. घटस्फोट झालेला. नऊ वर्षांची मुलगी आईकडे राहते, शनिवार-रविवार आणि सुट्टीतले काही दिवस वडिलांकडे. मुलीच्या खर्चासाठी ते दरमहा १,५०० डॉलर न चुकता देतात. रिटर्नमध्ये ‘डिपेंडंट’ म्हणून त्यांनी मुलीचे नाव टाकले, बटण दाबले आणि काही वेळाने रिटर्न नाकारल्याचा संदेश आला. मुलीच्या सोशल सिक्युरिटी क्रमांकावर आधीच कुणीतरी दावा केला होता. तो अर्थातच आईने.

वडिलांचा पहिला सवाल साधा असतो : पैसे मी देतो, न्यायालयाच्या आदेशातही ‘एक वर्ष आई, एक वर्ष वडील’ असे लिहिले आहे, मग माझे रिटर्न चूक कसे? अमेरिकेचा करविभाग म्हणजे आयआरएस या दोन्ही गोष्टी बाजूला ठेवतो आणि तिसरेच विचारतो : वर्षभरात मुलगी कोणाच्या घरी किती रात्री झोपली?

मुलाला ‘डिपेंडंट’ दाखवून नेमके काय मिळते?

२०१७ पर्यंत प्रत्येक अवलंबित व्यक्तीमागे ४,०५० डॉलर उत्पन्नातून वजा करता येत होते. २०१८ पासून ही वजावट शून्यावर आली आणि गेल्या वर्षीच्या कायद्याने ती कायमची बंद झाली. आता खरा पैसा ‘चाइल्ड टॅक्स क्रेडिट’मध्ये आहे. २०२५ च्या रिटर्नसाठी १७ वर्षांखालील प्रत्येक पात्र मुलामागे ते कमाल २,२०० डॉलर आहे. वजावट आणि क्रेडिट यांत फरक आहे. वजावटीने करपात्र उत्पन्न कमी होते, तर क्रेडिट थेट भरायच्या करातून कापले जाते. कर कमी असेल तर यातले १,७०० डॉलरपर्यंत रोख परतही मिळू शकतात. अर्थात त्यासाठी कमाईची अट आहे.

दुसरा मोठा लाभ ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’ या दर्जाचा. एकट्याने घर चालवून मूल सांभाळणाऱ्या पालकासाठी तो आहे. २०२५ मध्ये एकट्या करदात्याची प्रमाणित वजावट १५,७५० डॉलर आहे, तर या दर्जात ती २३,६२५ डॉलर. शिवाय कराचे टप्पेही रुंद. वरच्या उदाहरणातल्या आईचा पगार ६५,००० डॉलर धरला, तर फक्त या दर्जामुळे तिचा केंद्रीय कर सुमारे १,१०० डॉलरने कमी होतो. त्यात क्रेडिटचे २,२०० मिळवले की रक्कम ३,३०० डॉलरच्या आसपास जाते. एका पगारावर घरभाडे आणि शाळेनंतरच्या पाळणाघराचा खर्च भागवणाऱ्या बाईसाठी ही चिल्लर नव्हे.

रात्री मोजायच्या म्हणजे कशा?

आयआरएसच्या लेखी ‘ताबा असलेला पालक’ म्हणजे ज्याच्याकडे मूल वर्षात जास्त रात्री राहिले तो. न्यायालयाने ‘संयुक्त ताबा’ दिला आहे की ‘एकल ताबा’, याने हे उत्तर बदलत नाही. एडिसनच्या उदाहरणात आईकडे २१५ आणि वडिलांकडे १५० रात्री भरतात. प्रश्न तिथेच मिटतो.

‘फिफ्टी-फिफ्टी’ ताब्यात एक गंमत आहे. वर्षाला ३६५ रात्री असल्याने बरोबरी होतच नाही. कुणाकडे तरी १८३ भरतात आणि दुसऱ्याकडे १८२. एका रात्रीवर सगळे ठरते. लीप वर्षात मात्र १८३-१८३ अशी बरोबरी होऊ शकते. २०२४ मध्ये ती शक्यता होती, आता पुन्हा २०२८ मध्ये येईल. तसे झाले तर ज्याचे समायोजित एकूण उत्पन्न जास्त, तो ताबा असलेला पालक मानला जातो.

रात्र कोणाची, याचे बारकावे नियमांत दिले आहेत. पालक घरी नसला तरी मूल त्याच्या घरी झोपले असेल तर ती रात्र त्याची. सहलीला गेल्यावर मूल ज्या पालकासोबत असेल त्याची. ३१ डिसेंबरची रात्र ज्या वर्षात सुरू झाली त्या वर्षाची. आणि पालक रात्रपाळी करत असेल, म्हणजे उदाहरणार्थ आई रुग्णालयात परिचारिका असेल, आणि त्यामुळे मूल तिच्याकडे रात्रींपेक्षा दिवस जास्त काढत असेल, तर रात्रींऐवजी दिवस पाहिले जातात. शाळेच्या दिवशी शाळेत नोंदवलेला मुख्य पत्ता धरला जातो.

मराठी कुटुंबांना हमखास पडणारा प्रश्न उन्हाळ्याच्या सुट्टीचा. जुलै-ऑगस्टमध्ये नातवंडे सात-आठ आठवडे सांगलीला किंवा कोथरूडला आजी-आजोबांकडे येतात. त्या पन्नासेक रात्री कोणाच्या? आई सोबत आली असेल तर आईच्या. मूल एकटेच आजी-आजोबांकडे असेल, तर एरवी त्या रात्री ते ज्या पालकाकडे असते त्याच्या खात्यात ती जाते. उन्हाळी शिबिराला किंवा मित्राकडे मुक्कामाला गेलेल्या मुलासाठीही हाच नियम आहे. जिथे हिशेब १८३-१८२ चा आहे, तिथे एका सुट्टीचे वेळापत्रक निकाल फिरवू शकते. म्हणून ताब्याचे वेळापत्रक, विमानाची तिकिटे, शाळेची पत्रे जपून ठेवलेली बरी. ‘या आठवड्यात तूच ठेव, मला डिप्लॉयमेंट आहे’ असा व्हॉट्सॲपवरचा एका ओळीचा निरोपही पुढे उपयोगी पडू शकतो.

पैसे देणाऱ्याचा हक्क नाही का?

नाही. मुलाच्या पालनपोषणासाठी दिलेली रक्कम देणाऱ्याला करातून वजा करता येत नाही आणि घेणाऱ्याला ते उत्पन्न म्हणून दाखवावे लागत नाही. दरमहा १,५०० म्हणजे वर्षाला १८,००० डॉलर दिले, तरी त्यातून मुलावर दावा करण्याचा हक्क तयार होत नाही. वडिलांना हे अन्यायकारक वाटते आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर ते समजण्यासारखे आहे. पण दोघांनी खर्चाच्या पावत्या काढून भांडण्यापेक्षा रात्री मोजणे सोपे, हे त्या नियमाचे बळ आहे.

भारतातून गेलेल्यांचा गोंधळ होण्याला आणखी एक कारण आहे. आपल्याकडे मूल रिटर्नमध्ये ‘दाखवून’ मिळणारे असे सरसकट क्रेडिटच नाही. जुन्या करप्रणालीत कलम ८०सी खाली शाळेच्या शिकवणी शुल्काची वजावट दीड लाखाच्या एकत्रित मर्यादेत मिळते आणि ती ज्याने शुल्क भरले त्याला मिळते. त्यामुळे ‘पावती माझ्या नावावर, सवलत माझी’ हे गणित डोक्यात पक्के बसलेले असते. उलट अज्ञान मुलाच्या नावावर व्याज वगैरे उत्पन्न असेल, तर १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ६४(१ए) नुसार ते पालकाच्या उत्पन्नात मिळवले जाते. लग्न टिकून नसेल तर त्या वर्षी मुलाचा सांभाळ करणाऱ्या पालकाच्या. म्हणजे आपल्याकडे सांभाळणाऱ्याच्या वाट्याला सवलत नव्हे, कर येतो.

आदेशात वडिलांचे नाव आहे, मग?

इथेच सर्वाधिक लोक फसतात. आलटून-पालटून दाव्याचे कलम घटस्फोटाच्या समझोत्यात सर्रास असते. ते दोन पालकांना एकमेकांशी बांधते, आयआरएसला नाही. २००८ नंतरचा घटस्फोटाचा आदेश असेल तर त्याची पाने रिटर्नला जोडून उपयोग नसतो. लागतो तो ‘फॉर्म ८३३२’. ज्याच्याकडे मूल जास्त रात्री राहते त्या पालकाने त्यावर सही करायची आणि दुसऱ्या पालकाने तो आपल्या रिटर्नला जोडायचा. दावा जितकी वर्षे करायचा, तितकी वर्षे प्रत्येक वेळी जोडायचा. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयाचा आदेश असला तरी गोष्ट तीच. आदेश हा फॉर्मची जागा घेत नाही.

आईने आदेश डावलून सही नाकारली तर? मग वडिलांनी राज्याच्या न्यायालयात जायचे. आदेश मोडल्याबद्दल तिथे दाद मागता येते. पण सही मिळेपर्यंत आयआरएसच्या दृष्टीने मूल आईचेच अवलंबित राहते.

या फॉर्मचे तीन भाग आहेत. पहिल्यात फक्त चालू वर्षासाठी हक्क सोडता येतो, दुसऱ्यात पुढच्या वर्षांसाठी, आणि तिसऱ्यात दिलेला हक्क परत घेता येतो. दुसऱ्या भागात ‘पुढची सर्व वर्षे’ असे लिहिण्याचीही मुभा आहे. घटस्फोटाच्या धावपळीत वकिलाच्या टेबलावर अनेक कागदांसोबत हाही सही होऊन जातो. नंतर वडिलांनी खर्च थकवला तरी तो फॉर्म चालूच राहतो, कारण आयआरएस ‘पैसे वेळेवर दिले तरच’ अशी अट ओळखत नाही. हक्क परत घेता येतो, पण लगेच नाही : २०२६ मध्ये तशी लेखी सूचना दुसऱ्या पालकाला दिली तर ती २०२७ च्या करवर्षापासून लागू होते. त्यापेक्षा दरवर्षी, त्या वर्षाचे पैसे हाती आल्यावर, पहिल्या भागात सही करणे हा सुरक्षित रस्ता.

फॉर्म दिला की सगळेच जाते का? नाही, आणि ही गोष्ट माहीत नसल्याने काही पालक नाहक नुकसान सोसतात. फॉर्म ८३३२ ने फक्त डिपेंडंट म्हणून दावा आणि त्यासोबतचे चाइल्ड टॅक्स क्रेडिट दुसऱ्याकडे जाते. हेड ऑफ हाउसहोल्डचा दर्जा, १३ वर्षांखालील मुलाच्या पाळणाघराच्या खर्चावरचे क्रेडिट आणि कमी उत्पन्नवाल्यांसाठीचे अर्न्ड इन्कम क्रेडिट हे तिन्ही लाभ मूल ज्याच्याकडे राहते त्याच्याकडेच राहतात, अर्थात त्यांच्या बाकीच्या अटी पूर्ण होत असतील तर. वडील हे लाभ फॉर्म हातात असूनही घेऊ शकत नाहीत. त्यामुळे ‘या वर्षी मुलगी तुझी’ असे ठरले तरी दोघांच्या रिटर्नमध्ये मुलीचे नाव वेगवेगळ्या ठिकाणी येते आणि ते चूक नसते.

जास्त पगाराच्या पालकाला देणे फायद्याचे?

दरवेळी नाही. एकट्या करदात्याचे उत्पन्न दोन लाख डॉलरच्या वर गेले की दर १,००० डॉलरमागे क्रेडिट ५० डॉलरने कमी होते. बे एरियातल्या टेक कंपन्यांमध्ये शेअरसकट एवढे उत्पन्न दुर्मीळ नाही. वडिलांचे उत्पन्न २,३०,००० असेल तर २,२०० पैकी १,५०० डॉलर कापले जाऊन हाती ७०० उरतात. २,४४,००० ला पोहोचल्यावर काहीच नाही. ६५,००० पगाराच्या आईला मात्र पूर्ण २,२०० मिळाले असते. म्हणजे ‘समान न्याय’ म्हणून आलटून-पालटून दावा ठेवणाऱ्या या जोडप्याने दर दुसऱ्या वर्षी १,५०० डॉलर सरकारजमा केले. कलम लिहिताना दोघांच्या पगाराचा आकडा समोर ठेवला असता तर त्याच पैशांत मुलीचे पोहण्याचे वर्ग झाले असते.

भारतात जन्मलेल्या मुलाचे काय?

हा भाग एच-१बीवर गेलेल्या कुटुंबांसाठी सर्वांत कळीचा आहे. एकाच घरात थोरला पुण्यात जन्मलेला, एच-४ व्हिसावर. धाकटी न्यू जर्सीत जन्मलेली, म्हणून अमेरिकी नागरिक. धाकटीकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक आहे, तिच्यामागे २,२०० डॉलर. एच-४ वरच्या थोरल्याला तो क्रमांक मिळत नाही. त्याच्यासाठी करविभागाचा ‘आयटीआयएन’ काढावा लागतो आणि त्याच्यामागे ५०० डॉलरचेच क्रेडिट मिळते. दोन मुले ‘एक तुला, एक मला’ अशी वाटून घेताना हे लक्षात आले नाही, तर एकाच्या वाट्याला २,२०० आणि दुसऱ्याच्या ५०० येतात.

२०२५ पासून आणखी एक अट आहे : चाइल्ड टॅक्स क्रेडिट मागणाऱ्या पालकाकडेही नोकरीसाठी वैध सोशल सिक्युरिटी क्रमांक हवा. एच-१बीवाल्याकडे तो असतो. एच-४ वर आलेल्या आणि कामाचा परवाना न मिळालेल्या पत्नीकडे बहुधा नसतो. मूल तिच्याकडे राहते, रात्री तिच्या बाजूने आहेत, पण २,२०० डॉलर ती घेऊ शकत नाही. अशा वेळी फॉर्म ८३३२ देऊन वडिलांनी क्रेडिट घ्यायचे आणि ती रक्कम मुलाच्या खर्चात कशी धरायची हे समझोत्यात लिहून घ्यायचे, हा व्यवहार्य मार्ग ठरतो.

घटस्फोट अंतिम झाला की पत्नीचा एच-४ दर्जाही संपतो. दुसरा व्हिसा जमला नाही तर ती मुलांना घेऊन भारतात परतते. मग वडील न्यू जर्सीत, आई-मुले पुण्यात, आणि दरमहा पैसे इकडे येतात. आता दोन मुलांचे रस्ते वेगळे होतात. अमेरिकी नागरिक असलेली धाकटी पुण्यात राहत असली तरी वडील तिच्यावर दावा करू शकतात. पण रात्री आईकडच्या असल्याने तिची फॉर्म ८३३२ वर सही लागते, आई स्वतः अमेरिकेत रिटर्न भरत नसली तरी. थोरल्याचे तसे नाही. डिपेंडंट ठरण्यासाठी मूल अमेरिकेचे नागरिक किंवा वर्षाच्या काही भागापुरते तरी करदृष्ट्या तिथले रहिवासी असावे लागते. कॅनडा-मेक्सिकोत राहणाऱ्या मुलांना यात सूट आहे, भारतात राहणाऱ्यांना नाही. म्हणजे परतल्यानंतरच्या पूर्ण वर्षापासून थोरल्यावर दावाच करता येत नाही. शाळेची फी भरा, पैसे पाठवा, आईची सही मिळवा. तरी उत्तर नाहीच.

अशी कुटुंबे जुन्या सवयीने दोन्ही मुलांची नावे टाकत राहतात, कारण करभरणीच्या सॉफ्टवेअरमध्ये गेल्या वर्षीची माहिती आपोआप भरून येते. ‘मूल वर्षभर कुठे राहिले?’ या प्रश्नावर घाईत दाबलेले बटण पुढे महागात पडते.

घटस्फोट अजून झालेला नसेल तर?

वैवाहिक स्थिती ३१ डिसेंबरला जी असेल ती अख्ख्या वर्षाची मानली जाते. पण वर्षाचे शेवटचे सहा महिने दोघे वेगळे राहिले असतील, तर रात्रींचा आणि फॉर्मचा नियम त्यांनाही लागू होतो. लग्न न करता पालक झालेल्यांनाही. जोडीदार जूनअखेरीपर्यंत घर सोडून गेला असेल, मूल वर्षातला निम्म्याहून अधिक काळ सोबत असेल आणि घरखर्चाचा निम्म्याहून अधिक भार एकट्याने उचलला असेल, तर कागदोपत्री विवाहित असूनही हेड ऑफ हाउसहोल्डचा दर्जा मिळू शकतो.

दोघांनीही दावा केला तर काय होते?

पूर्वी ज्याने आधी ई-फाइल केले त्याचे रिटर्न जायचे आणि दुसऱ्याला कागदी रिटर्न पोस्टाने पाठवावे लागायचे. त्यामुळे २७ जानेवारीलाच रिटर्न भरून ‘मी जिंकलो’ म्हणणारे महाभाग होते. आता २०२४ च्या रिटर्नपासून, दुसऱ्या पालकाने आयआरएसकडून ओळख पटवणारा सहा अंकी ‘आयपी पिन’ घेतला असेल तर त्याचेही रिटर्न ऑनलाइन स्वीकारले जाते. आधी पोहोचण्याला महत्त्व उरलेले नाही, आणि खरे तर हक्काच्या दृष्टीने ते कधीच नव्हते.

यानंतर ‘सीपी८७ए’ नावाची नोटीस येते. तुमच्या मुलावर दुसऱ्या कुणी दावा केला आहे, चूक तुमची असेल तर सुधारित रिटर्न भरा, असा तिचा आशय. कुणीच माघार घेतली नाही तर तपासणी सुरू होते आणि शाळेचे, डॉक्टरचे, पाळणाघराचे कागद मागवले जातात. त्यांवर मुलाचा पत्ता आणि तारखा असाव्या लागतात. हरणाऱ्याला क्रेडिट व्याजासह परत करावे लागते, दंडही होऊ शकतो. नियमांकडे बेपर्वाईने दुर्लक्ष केल्याचे ठरले तर दोन वर्षे, फसवणूक ठरली तर दहा वर्षे चाइल्ड टॅक्स क्रेडिट मागता येत नाही. बंदी संपल्यावरही पात्रता सिद्ध करणारा ‘फॉर्म ८८६२’ जोडावा लागतो. व्हिसा आणि ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या माणसाने अशी नोंद ओढवून घ्यावी, इतका हा वाद मोठा नाही.

यंदा रिटर्नची मुदत १५ एप्रिल आहे. ज्यांनी मागच्या वर्षांत हक्क असूनही मूल दाखवले नाही, त्यांना ‘१०४०-एक्स’ हा सुधारित रिटर्नचा फॉर्म भरता येतो. परताव्यासाठी त्याची मुदत साधारणपणे मूळ रिटर्न भरल्यापासून तीन वर्षे. पण त्या वर्षी दुसऱ्या पालकाने दावा केलेला असेल, तर सुधारित रिटर्न पाठवण्याआधी त्या वर्षाच्या रात्रींचा हिशेब आणि जुना फॉर्म ८३३२ कुठे सही होऊन पडला आहे का, हे दोन्ही तपासावे लागेल.